भारी पाने, हळू बोली

ब्रिजच्या एका डावात माझ्या हाती आलेली तेरा पाने अशी होती. इस्पिक: एक्का, ५. बदाम: राजा, राणी, ८, ४. चौकट: एक्का, राणी, ७, ६, ३. किलवर: ८, २. समोरच्या भिडूने ‘एक बदाम’ म्हणून बोली उघडली होती, म्हणजे त्याच्याकडे निदान पाच बदाम आणि बऱ्यापैकी ताकद होती. विरोधक पास म्हणाले. मी फारसा विचार न करता ‘चार नोट्रम्प’ म्हणालो. ही ब्लॅकवुडची बोली. तिचा अर्थ, ‘तुझ्याकडे एक्के किती ते सांग.’ भिडू ‘पाच चौकट’ म्हणाला, म्हणजे एक एक्का. माझे दोन, त्याचा एक, बाहेर एकच. सहाच्या बोलीत एक हात द्यायची मुभा असते, म्हणून मी ‘सहा बदाम’ म्हणून मोकळा झालो.

उतारी आली किलवरच्या एक्क्याची. मी डमी असल्याने पाने टेबलावर मांडली आणि किलवरची अठ्ठी-दुर्री साऱ्यांना दिसली. पुढचे पान किलवरचा राजा. स्लॅम दोन पानांत बुडाला. दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर चार बदाम खेळून अकरा हात झाले होते. सामना आम्ही त्या एका डावाने घालवला. माझे भिडू वयाने वडील आणि अबोल. गुणपत्रिका लिहिताना ते एवढेच म्हणाले, “एक्के किती ते विचारलंस. किलवरचं कधी विचारणार होतास?”

हे इथे सांगण्याचे कारण निव्वळ पश्चात्ताप नव्हे. नवशिक्यांसाठी मी लिहिलेली टिपणे गेली वीस वर्षे आमच्या क्लबात झेरॉक्स होऊन फिरत आहेत. त्यांत ठळक अक्षरांत एक वाक्य आहे: ‘हुकमाची साथ पक्की आणि गुण पंधरा असतील, तर वेळ न दवडता एक्के विचारा.’ हा सल्ला कुठून आला आणि तो कितपत खरा आहे, याची तपासणी मी त्या डावानंतर सुरू केली. तिचा निष्कर्ष माझ्याच टिपणांच्या विरोधात गेला.

बक्षीस आणि जोखीम

स्लॅमचा सारा प्रपंच एका नियमातून निघाला. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवरच्या सफरीत कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती आखली. आधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बारा हात केले की बक्षीस मिळे, मग बोली कितीची का असेना. व्हँडरबिल्ट यांच्या खेळात ते आधी बोलून दाखवावे लागते. बारा हात करता येणे आणि बारा हात होतील हे पाने मांडण्याआधी ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. दुसरी अवघड, कारण ती दोघांनी मिळून करायची आणि भाषा म्हणून हाताशी फक्त बोलीच्या पायऱ्या.

हिशेब सरळ आहे. व्हल्नरेबल असताना चार बदाम बोलून बारा हात केले तर ६८० गुण, सहा बोलून केले तर १४३०. म्हणजे ७५० चा फायदा. सहा बोलून अकराच झाले तर १०० वजा, चारवर थांबलो असतो तर ६५० मिळाले असते. म्हणजे ७५० चाच तोटा. नॉन-व्हल्नरेबल असताना हे दोन्ही आकडे ५०० आहेत. स्लॅम निम्म्याहून अधिक वेळा होणार असेल तरच तो बोलावा, असे हे गणित सांगते. माझ्या डावात मी ही शक्यता मोजलीच नव्हती. गृहीत धरली होती.

दोन भिडू, एकच उत्तर

भिडूची पाने अशी होती. इस्पिक: राजा, राणी, ३. बदाम: एक्का, गुलाम, १०, ७, ५. चौकट: राजा, ९. किलवर: ७, ६, ५. एकूण १३ गुण, एक्का एक.

आता याऐवजी त्यांच्याकडे अशी पाने आहेत असे समजू. इस्पिक: ८, ३. बदाम तेच पाच. चौकट: राजा, ५, २. किलवर: राजा, राणी, ४. गुण १३, एक्का एक. ब्लॅकवुडला उत्तर तेच, पाच चौकट. हुकमाचा राजा पाचवा एक्का मानून विचारणारी नवी पद्धत वापरली तरी फरक पडत नाही, कारण बदामाचा राजा माझ्याच हातात आहे. मात्र आता बारा हात जवळजवळ पक्के होतात. हुकमाचे पाच, इस्पिकचा एक, चौकटीचे पाच आणि किलवरचा एक. जातो तो फक्त किलवरचा एक्का. विरोधकांकडची चौकटीची पाच पाने ३-२ वाटली जाण्याची शक्यता ६८ टक्के असते. ती ४-१ पडली तरी चौथी चौकट हुकमाने मारून पाचवी उभी करता येते आणि तिच्यावर इस्पिकचे हरते पान टाकता येते.

दोन्ही वेळी आमचे मिळून गुण २८. छोट्या स्लॅमसाठी ३३ गुण हवेत हा पाठ सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण तो नोट्रम्पसाठी, दोन्ही पाने सपाट असताना. इथे गुणही निर्णय देत नाहीत, एक्केही देत नाहीत. निर्णय एकाच प्रश्नावर आहे: किलवरची पहिली किंवा दुसरी फेरी भिडू रोखू शकतो का? माझ्या चार नोट्रम्पने जगातला दुसरा कोणताही प्रश्न विचारला असता, पण हा नाही.

उडी कशासाठी होती

ज्या बोलीवर भिडूला पास म्हणता येत नाही तिला फोर्सिंग म्हणतात. इलाय कल्बर्टसन यांनी १९३० च्या ‘ब्लू बुक’मध्ये ही कल्पना पद्धतीच्या केंद्रस्थानी आणली. त्यांच्याकडे भारी पानांचे उत्तर म्हणजे नव्या रंगात उडी: एक बदामवर थेट तीन चौकट. तीवर गेम होईपर्यंत कोणी पास म्हणायचे नाही. पुढे चार्ल्स गोरेन यांनी गुणांच्या हिशेबात या उडीला १९ गुणांची अट घातली. माझ्यासारखी पंधरा गुणांची पाने या दोहोंच्या मध्ये लटकत. एक्के विचारण्याची चार नोट्रम्पची युक्ती इंडियानापोलिसच्या ईझ्ली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये काढली आणि ती इतकी सोपी होती की जगभर पसरली.

आज उडीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तो अन्याय होईल. जुन्या पद्धतीत ‘दोन चौकट’ हे साधे उत्तर मध्यम पानांवरही देत. भिडू ‘दोन बदाम’ म्हणाल्यावर आपण ‘तीन बदाम’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘जमले तर चार बोल’ एवढाच. भिडू तिथेच पास म्हणू शकत असे. स्लॅमचा विचार मनात असताना तीनवर मुक्काम पडण्याची भीती खरी होती. उडी ही त्या भीतीवरची तजवीज होती: आधी शब्द घ्यायचा, मग बोलायचे.

तिची किंमत मात्र जबर होती. ती किती हे मी पायऱ्या मोजून पाहिले. भिडूच्या एक बदामनंतर मी काय बोललो की चार बदामच्या आधी किती बोली शिल्लक राहतात? ‘दोन चौकट’नंतर दहा. ‘तीन चौकट’नंतर पाच, आणि त्यांतही हुकूम कोणता ते ठरायचे बाकी. ‘चार नोट्रम्प’नंतर शून्य, कारण चार बदाम मागेच राहिले.

उत्तर अमेरिकेत पुढे एका रंगावर दोनच्या पायरीवर दिलेले नवे उत्तर गेमपर्यंत बांधील मानण्याची पद्धत रुजली. मॅक्स हार्डी आणि माइक लॉरेन्स यांच्या पुस्तकांनी ती घरोघर नेली. या पद्धतीत ‘दोन चौकट’ म्हणताच शब्द मिळतो. जे उडीने मिळत होते तेच चालत जाऊन मिळू लागले, आणि वाटेतल्या पायऱ्या वाचल्या. म्हणून अनेकांनी उडी कमजोर पानांना देऊन टाकली. पॉल सोलोवे यांनी ती भारी पानांसाठीच राखली, पण ठरावीक नमुन्यांपुरती: स्वतःचा भक्कम लांब रंग, तसाच चांगला रंग आणि भिडूच्या रंगाला साथ, किंवा चांगल्या रंगासह सपाट भारी पाने. हे मला विचारी वाटते. पायऱ्या खर्चायच्याच, तर त्या मोबदल्यात नेमके चित्र तरी द्यावे.

तीच तेरा पाने, पुन्हा

आता माझ्या पानांवर ‘दोन चौकट’ म्हणून पाहू. दोन्ही भिडू ‘दोन बदाम’ म्हणतील असे धरू. मी ‘तीन बदाम’ म्हणतो. हुकूम ठरला, आणि गेमचा शब्द आधीच दिलेला असल्याने पास नाही. इथून पुढे रोख सांगण्याच्या बोली, ज्यांना क्यू-बिड म्हणतात, सुरू होतात. इटलीच्या ब्लू टीमने, म्हणजे बेलाडोना, फोर्के, गरोत्सो यांच्या संघाने, एक्का आणि राजा दोन्हींना रोख मानून ही भाषा वापरली. या संघाने १९५७ ते १९६९ या काळात बर्म्युडा बाऊल दहा वेळा जिंकला. नियम असा: सर्वांत खालच्या पायरीवरचा रोख आधी सांगायचा, जो रंग ओलांडला, तिथे रोख नाही.

पहिला भिडू ‘तीन इस्पिक’ म्हणतो. मी ‘चार चौकट’ म्हणतो. चार किलवर मी ओलांडले, म्हणजे तिथे माझे काही नाही. त्याच्याकडेही नाही, तेव्हा तो निमूटपणे ‘चार बदाम’ म्हणतो आणि आम्ही थांबतो. दुसरा भिडू ‘तीन इस्पिक’ ओलांडून थेट ‘चार किलवर’ म्हणतो. इस्पिकचा एक्का माझ्याकडे आहे. मला हवे ते कळले. आता चार नोट्रम्प. उत्तर तेच, एक एक्का. पण यावेळी त्या उत्तराला अर्थ आहे. सहा बदाम.

ब्लॅकवुड वाईट नाही. ती शेवटची विचारणा आहे आणि मी तिला पहिली केली. एखादा रंग मुळीच नसताना किंवा एखाद्या रंगात दोन किरकोळ पाने असताना ती घाईने वापरू नये, हा इशारा जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. माझ्या टिपणांत तो नव्हता.

नियमाची मर्यादा

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. चार बदामांची साथ असताना ऑस्वल्ड जेकोबी यांचे ‘दोन नोट्रम्प’ का नको? ते साथही सांगते, गेमपर्यंत बांधतेही, आणि चार बदामच्या आधी सात पायऱ्या ठेवते. या बोलीवर भिडूने तीनच्या पायरीवर आपला आखूड रंग सांगायचा असतो. पण आखूड रंग नसलेल्या बेताच्या पानांवर मूळ उत्तर आहे ‘चार बदाम’. माझे दोन्ही भिडू नेमके तसेच आहेत. दोघेही उडी मारून चारवर येतील आणि सातही पायऱ्या वाया जातील. मी ‘चार इस्पिक’ म्हणून पुढे चौकशी करू शकतो, पण मग उत्तर पाचच्या पायरीवर मिळणार. या डावात अकरा हात होत असल्याने ते निभावले असते. दरवेळी निभावेल असे नाही. दोष दोन नोट्रम्पचा नाही, त्याच्या उत्तरांचा आहे. बेताच्या पानांवर ‘तीन किलवर’ म्हणावे अशी दुरुस्ती आज अनेक जोड्या करतात. ती केलेली असेल तर माझी निवड बदलू शकते. तरीही एक्का-राणीसह पाच चौकटी हे हातांचे भांडार आहे आणि ते दोन नोट्रम्पमध्ये झाकले जाते, हे उरतेच.

उलट बाजूही मांडली पाहिजे. हळू बोलल्याने विरोधकांनाही ऐकू येते. पहिल्या भिडूबरोबर किलवर न सांगता सहावर उडी मारली असती आणि उतारी दुसऱ्या रंगाची आली असती, तर किलवर चौकटीवर टाकून बारा हात झालेही असते. अशा उड्या मारून जिंकणारे खेळाडू मी पाहिले आहेत. पण ते जिंकणे विरोधकाच्या चुकीवर असते, आणि भिडूला त्यात काही भूमिका नसते.

मला शेवटी हेच महत्त्वाचे वाटते. मेंढीकोटात भिडूशी बोलायची बंदी असते, म्हणून आपण पानांवरून त्याचे मन ओळखायला शिकतो. ब्रिजमध्ये बोलायची सोय आहे, आणि भारी पाने आली की आपण ती वापरत नाही. पंधरा गुण हाती असले की निर्णय आपलाच, समोरच्याने फक्त आकडा सांगावा, असे वाटू लागते. त्या रात्री किलवरची सात-सहा-पाच हाती धरून बसलेल्या माणसाला मी ती सांगायची जागाच ठेवली नव्हती.

टिपणांतले ते ठळक वाक्य मी खोडले आहे. त्या जागी आता असे लिहिले आहे: ‘स्लॅमचा विचार मनात येताच आधी ठरवा की भिडूच्या कोणत्या पानावर निर्णय अडला आहे. मग पास होणार नाही अशा बोलींपैकी ती निवडा, जिच्यानंतर ते पान सांगायला त्याला चार बदामच्या आत जागा उरेल.’ जुन्या झेरॉक्स ज्यांच्याकडे असतील, त्यांनी कृपया तेवढी ओळ बदलून घ्यावी.