बिनहुडाचे नायक

सिनेमाचं परीक्षण करायला माणसाच्या अंगी काय असावं लागतं, मला ठाऊक नाही. मी बी.कॉम. आहे. गेली बावीस वर्षं जळगावात बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या सह्या जुळतात की नाही, एवढंच पाहत आलो. तेव्हा ‘चलती का नाम गाडी’ हा १९५८ सालचा सिनेमा परवा पुन्हा पाहून त्यावर लिहायला बसलो, तर आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, “तुमचा अधिकार काय?”

म्हटलं, “मी जीपचं हूड शिवलंय.”

त्यावर त्या हसल्या. त्यांना हसायचा हक्क आहे, कारण त्या त्याच हुडाखाली बसल्या होत्या.

आधी हुडाचं सांगतो, म्हणजे परीक्षणातला कडवटपणा कुठून आला ते कळेल.

पारोळ्याच्या मामांकडे जुनी जीप आहे. जीप ही मुळात लढाईची गाडी. शत्रूला दिसू नये म्हणून पुढची काच आडवी पाडता यावी, वरचं कापड काढून कमानी मोडून ठेवता याव्यात, अशी तिची रचना. १९४७ नंतर महिंद्रांनी ती आपल्याकडे आणली आणि लढाई संसारात शिरली. मामांनी हूड कधी शत्रूसाठी काढलं नाही. ते उन्हापावसानं आपणहून निघालं.

मे महिन्यात मी जीप जळगावला आणली. डोक्यावर काही नाही आणि ऊन ४५ अंशांचं. एरंडोलपर्यंत माझं भरीत झालं होतं. फक्त कांद्याची पात घालायची बाकी होती. जळगावात एका कुशनवाल्याला गाडी दाखवली. त्यानं टेप घेऊन अर्धा तास मापं घेतली, कमानी हलवून पाहिल्या, जुनं कापड चिमटीत धरून बघितलं. आकडा सांगितला साडेसात हजार. मी बँकेतला माणूस, फोड करून मागितली. कापड, दोरा, टिचबटणं, पट्टे यांची बेरीज चार हजारांच्या आत. उरलेले साडेतीन हजार कशाचे?

“मजुरीचे,” तो म्हणाला.

“विचार करून सांगतो,” असं म्हणून मी निघालो. जाताना त्याची मापं मात्र एका पावतीच्या मागे उतरवून घेतली.

कापड आणलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं शिलाई मशीन आणलं. कापडाच्या दुसऱ्या घडीला त्याची सुई मोडली, तेव्हा काकूंचा चेहरा पाहून मी दाभणावर आलो. मापांचा कागद ऐनवेळी सापडेना. मग जुनं हूड नव्या कापडावर अंथरलं, खडूनं रेघ मारली आणि रेघेवरच कात्री चालवली. जुनं कापड वीस पावसाळ्यांत आटलेलं असतं आणि शिवणीत दोन बोटं कापड जातं, या दोन गोष्टी मला बी.कॉम.ला शिकवल्या नव्हत्या. हूड मागच्या कमानीपाशी चार बोटं कमी पडलं. मी ते ताणलं. शेजारचे दोघे लोंबकळले. भर दुपारी टिचबटणं एकदाची लागली आणि सोसायटीत टाळ्या पडल्या.

जूनमध्ये मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं. डोळ्यात आठ दिवस पाण्याचा थेंब जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. “माझ्याच गाडीतनं घरी जाईन,” हा मामांचा हट्ट. धुळं सुटलं आणि आभाळ फाटलं.

मी दोरा नायलॉनचा वापरला होता, मजबूत म्हणून. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. नायलॉन फुगत नाही. दाभणाची भोकं तर अशी, की एकेकीतून ज्वारीचा दाणा जावा. शिवणीशिवणीतून धार लागली. मी आतून हात लावून कापड वर ढकलायला गेलो, तर जिथे बोट टेकलं तिथूनच नवा ओघळ सुरू झाला. भिजल्या कापडाला आतून हात लावायचा नसतो, हेही त्याच दिवशी कळलं. मामींनी जीपच्या आत छत्री उघडून मामांच्या डोळ्यावर धरली. मामा पट्टीखालून म्हणाले, “भाचा, हाई हूड शे का गायनी?”

आमच्या सौभाग्यवती पुण्याच्या. त्यांना वाटलं, मामा गाण्याबद्दल बोलतायत. मामा गाळणीबद्दल बोलत होते.

गाडी परत धुळ्याला वळवली. डोळा वाचला. पण तो तपासून होईपर्यंतची वीस मिनिटं मी दवाखान्याच्या बाकावर जशी काढली, तशी ऑडिटच्या दिवशीसुद्धा काढली नव्हती.

आता परीक्षण.

आपल्या सिनेमात हूड नाही. १९६९ च्या ‘आराधना’त राजेश खन्ना उघड्या जीपमधून दार्जिलिंगच्या आगगाडीशेजारनं गात जातो. दार्जिलिंग हे काय बिनपावसाचं गाव आहे? आणि खिडकीतल्या शर्मिला टागोरचा भाग म्हणे नंतर स्टुडिओत घेतला होता. म्हणजे त्या गाण्यात डोक्यावर छप्पर फक्त तिलाच होतं, तेही पक्कं. ‘चलती का नाम गाडी’तली जुनी शेवरले तर साक्षात १९२८ सालची, तीही रस्त्यावरच्या गाण्यात उघडीच. दोन्हीकडे आवाज किशोरकुमारचा. हा माणूस खांडव्याचा, आमच्या भुसावळहून निघालेल्या गाडीचं पुढचं जंक्शन. त्याला आमचं ऊन माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

पण दिग्दर्शक सत्येन बोस यांच्या या सिनेमाला एक श्रेय द्यायलाच हवं. यातलं गॅरेज खरं वाटतं. तिघे सख्खे भाऊ तिथे कामाला आहेत आणि ते कामाला आहेत असं वाटतं. कपडे मळलेले, हत्यारं हाताशी. पावसात भिजलेली मधुबाला रात्री बंद पडलेली गाडी घेऊन येते. किशोरकुमार गातो, पण त्याचे हात थांबत नाहीत; हत्यारांची टकटक गाण्याच्या ठेक्यातच चालते. उत्तरार्धात खलनायक येतात, पळवापळवी होते आणि गॅरेज मागे पडतं. तिथे सिनेमाही मागे पडतो. खलनायक कुठल्याही सिनेमात मिळतो. असं गॅरेज मिळत नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. मधुबाला पैसे न देताच निघून जाते. पाच रुपये बारा आणे. दशमान पैसे १९५७ मध्येच आले होते, पण हिशेब अजून आण्यांतच. किशोरकुमार त्या रकमेसाठी तिच्यामागे जातो. पूर्वी मला हा विनोद वाटायचा: समोर मधुबाला आणि याला पावणेसहा रुपयांची पडली आहे! परवा तसं वाटेना. काम केलंय तर मजुरी मागणार. प्रेम वेगळं, येणं वेगळं. आपल्या सिनेमातल्या किती नायकांनी आपल्या कामाचे पैसे असे मागितलेत?

हे मला उशिरा का कळलं, तेही सांगतो. मामांच्या पुढच्या तपासणीला गेलो, तेव्हा धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या कुशनवाल्याकडे जीप नेली. त्यानं हूड उलटसुलट पाहिलं. “साहेब, कापड चांगलं शे,” तो म्हणाला, “शिवनारा कोन शे?” मी मामांकडे पाहिलं. मामांनी काळा चष्मा सारखा केला आणि खाली पाहिलं. त्यानं शिवणी उसवल्या, मागे पट्टी जोडली, सुती दोऱ्यानं पुन्हा शिवलं, वरून मेण फिरवलं. संध्याकाळी आकडा सांगितला. मी सवयीनं तोंड उघडलं. मामा म्हणाले, “दे पैसा.” मी दिले.

तेव्हा वाटलं, प्रकरण मिटलं. परवा सिनेमा पाहताना, मधुबाला गाडी घेऊन निघाली आणि किशोरकुमार मागे उभा राहिला, तसा मला जळगावचा तो पहिला कुशनवाला आठवला. भर उन्हातला त्याचा अर्धा तास. त्याची मापं. “विचार करून सांगतो.”

इतकी वर्षं हा सिनेमा पाहताना मी स्वतःला किशोरकुमार समजत आलो. मी त्यात मधुबाला निघालो.

नव्वद दिवस केव्हाच उलटले. आमच्या नियमानं हे खातं थकीत झालं. येत्या दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी आहे, तेव्हा त्याच्या दुकानी जाऊन अर्ध्या तासाची मजुरी विचारणार आहे.

“व्याजासकट?” सौभाग्यवतींनी विचारलं.

मी फोड मागणार नाही.