लहानग्यांच्या सोबतीनें हायरूलची वाट

आपणांस अत्यंत प्रिय असलेली कलाकृति आपल्या मुलांच्या हातीं देण्याचा प्रसंग प्रत्येक रसिक आईबापांवर केव्हां ना केव्हां येतोच. आणि तो प्रसंग दिसतो तितका निरुपद्रवी नसतो. पुस्तक असो, गाणें असो, कीं नाटक असो, आपण तें मुलास देतों तेव्हां त्याच्याबरोबर आपला आनंदहि त्यानें जसाच्या तसा घ्यावा अशी आपली एक छुपी अट असते. मूल ती अट पाळीत नाहीं. मग आपण म्हणतों, त्याला अजून समज नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही जिचा विचार करणार आहों ती कृति पुस्तक नव्हे आणि नाटकहि नव्हे. ती पडद्यावर खेळावयाचा एक व्हिडिओ गेम आहे. अशा विषयास या पानांत स्थान कसें, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, जेथें कल्पनेनें एक संपूर्ण जग उभें केलेलें असतें व त्यांत माणसाचें मन रमतें, तेथें जाण्याचा टीकाकारास अधिकार आहे. आणि घरांत मुलें असल्यास तें त्याचें कर्तव्यहि आहे.

‘लीजेंड ऑफ झेल्डा’ या मालिकेंतील पहिला खेळ १९८६ सालीं जपानांत निन्टेंडो कंपनीनें काढला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख कर्ते. मियामोतो यांचें बालपण क्योतोजवळच्या सोनोबे येथें गेलें. तेथील शेतें, राना-वनांतील वाटा व गुहा धुंडाळतांना जें कुतूहल आणि जी धाकधूक वाटे, तीच खेळांत उतरविण्याची त्यांची इच्छा होती. म्हणजे या साऱ्या जगाच्या पायाशीं एक पोरगा व त्याची गांवाबाहेरची भटकंती आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. याच मालिकेंतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ ३ मार्च २०१७ रोजीं प्रसिद्ध झाला. हिदेमारो फुजिबायाशी हे त्याचे दिग्दर्शक व एइजी आओनुमा हे निर्माते. आमच्या मते त्या पोराची भटकंती इतक्या मोकळेपणानें या मालिकेंत पूर्वीं कधीं उतरली नव्हती.

कथा थोडक्यांत अशी. लिंक नांवाचा वीर शंभर वर्षांच्या निद्रेनंतर एका गुहेंत जागा होतो. त्याची स्मृति गेलेली आहे, हायरूलचें राज्य उद्ध्वस्त झालेलें आहे, आणि राजकन्या झेल्डा किल्ल्यांत एकटी गॅनन नामक अरिष्टास थोपवून उभी आहे. एक वृद्ध भेटतो. चार मंदिरांतील परीक्षा उतरल्यावर तो लिंकला तरंगत खालीं जाण्यासाठीं एक कापडी छत्र देतो, आणि मग सारा मुलूख मोकळा होतो. मनांत आल्यास थेट किल्ल्याकडे चालूं लागावें. नच आल्यास वर्षभर फळें वेंचीत हिंडावें. या मुलुखाचे नियम मात्र पक्के आहेत. पाऊस पडला कीं कडा निसरडा होतो व चढणारा घसरतो. गवत पेटलें कीं ऊन वारा वर उठतो व त्यावर छत्र तरंगतें. विजा चमकूं लागल्या कीं अंगावरील लोखंड दूर ठेवावें लागतें. हिमशिखरांवर ऊबदार कपडे तरी हवेत, नाहींतर मिरचीचा तिखट पदार्थ तरी पोटांत हवा. कथाकाराला विश्वास पटविण्यासाठीं जें शब्दांनीं साधावें लागतें, तें येथें ऊन-पावसानें साधलें आहे.

हा खेळ आम्हीं स्वतः शंभराहून अधिक तास खेळला होता. आमचा मुलगा नऊ वर्षांचा व मुलगी सहा वर्षांची झाल्यावर एका संध्याकाळीं आम्हीं तो मोठ्या थाटानें त्यांच्यापुढें मांडला, आणि त्याच संध्याकाळीं आमचें वर्तन अगदीं मूर्खासारखें झालें. गुहेतून बाहेर पडतांच समोर सारें हायरूल पसरलेलें दिसतें; तो क्षण कन्येला दाखवावा म्हणून आम्ही किती दिवस वाट पाहत होतों! तिनें त्या दृश्याकडे पाठ फिरविली व वाटेच्या कडेचें एक अळंबें खुडलें. मग दुसरें खुडलें. आम्ही “समोर बघ, समोर बघ” म्हणत राहिलों, आणि शेवटीं नीट दाखवितों म्हणून तिच्या हातांतील कंट्रोलर काढून घेतला. ती कांहीं न बोलतां उठून गेली. आठ दिवस तिनें त्या खेळाचें नांव काढलें नाहीं.

नवव्या दिवशीं भावाच्या आग्रहानें ती परत आली, पण अट घालून: “मी विचारलं तरच सांगायचं, आणि हातातून घ्यायचं नाही.” त्या अटीवर आम्ही जें पाहिलें त्यानें आमचें पूर्वीचें मत बदललें, व तेंच सांगण्यासाठीं हा लेख आहे. पाऊस हा या खेळांतील दोष होय, असें आम्ही आजवर मानीत आलों; अर्ध्या कड्यावर असतां सर आली कीं सारी चढण फुकट जाते. आडोशास शेकोटी पेटवून सकाळपर्यंतचा काळ एका क्षणांत सरकविण्याची सोय आहे, व आम्ही नेहमीं तीच वापरीत असूं. कन्येनें ती वापरली नाहीं. तिनें लिंकला खडकाच्या कपारींत उभा केला आणि पाऊस थांबेपर्यंत ती नुसती पाहत बसली. तेव्हां आम्हांस कळून आलें कीं, पाऊस हा दोष नसून कर्त्यांनीं मुद्दाम ठेविलेला विसांवा असूं शकतो. दोष आमच्या घाईंत होता. ज्याला कोठें पोंचावयाचें नाहीं, त्याला हें जग जितकें उलगडतें तितकें विजयाच्या मागें लागलेल्याला उलगडत नाहीं.

परंतु याच कसोटीनें कृतीचे खरे दोषहि उघडे पडतात. घोड्यांच्या तबेल्यापाशीं एक कुत्रा असतो. त्याला खाऊ टाकला तर तो खूष होतो व पुरलेल्या धनापर्यंत वाट दाखवितो. “बाबा, याला कुरवाळायचं बटण कोणतं?” असें कन्येनें विचारलें. तसें बटण नाहीं. धन देणारा कुत्रा कर्त्यांस सुचला, नुसता कुरवाळून घेणारा कुत्रा सुचला नाहीं. एवढ्या उदार जगांतहि व्यवहाराचा हा हिशेब राहून गेला.

दुसरा दोष मोठा आहे. भावानें कित्येक आठवड्यांनीं गॅननला जिंकलें व झेल्डा मुक्त झाली. बहिणीनें एक घोडा पाळला होता व भावाकडून रोमन अक्षरांत लिहवून घेऊन त्याचें नांव ‘बर्फी’ ठेविलें होतें. “आता झेल्डाला बर्फी दाखवूया,” असें ती म्हणाली. पण समाप्तीनंतर खेळ आपणांस शेवटच्या युद्धाच्या आधींच्या क्षणीं परत नेऊन सोडतो. मुक्त झालेल्या हायरूलची एकहि सकाळ आपल्याला लाभत नाहीं. २०२३ च्या उत्तरभागांत झेल्डा सोबत असते खरी, पण आरंभींच ती पुन्हां नाहींशी होते. जिच्या नांवानें मालिका चालते तिला सदैव दूर ठेवावयाचें, ही खोड जुनी आहे. २०१२ सालीं कॅनडांतील एका पित्यानें आपल्या लहान मुलीसाठीं याच मालिकेंतील ‘विंड वेकर’ या खेळाचे शब्द बदलून वीराची वीरांगना केली होती, तें उगीच नव्हे. मुख्य मालिकेंत खेळाची सूत्रें झेल्डाच्या हातीं २०२४ सालीं, म्हणजे पहिल्या खेळानंतर ३८ वर्षांनीं आलीं.

आईबापांस एक इशारा देणें अवश्य आहे. अमेरिकेंतील वर्गीकरणानें हा खेळ दहा वर्षांवरील व युरोपांतील वर्गीकरणानें बारा वर्षांवरील मुलांसाठीं ठरविला आहे. अवशेषांत दबा धरून बसलेलीं यंत्रें, त्यांचा तांबडा किरण व पाठोपाठ धांवणारे पियानोचे सूर यांनीं आमची कन्या खरोखर भ्याली. लहान मुलाला यांत एकटें सोडूं नये. शिवाय मियामोतो यांना गुहा आधीं लाभली व खेळ मागाहून सुचला. आमच्या मुलांना खेळ आधीं मिळाला आहे. ही उलटापालट खेळाच्या कर्त्यांनीं नव्हे, आम्हीं केली आहे, आणि तिचा उपाय पडद्यावर सांपडणार नाहीं.

असो. कन्येनें त्या दिवशीं एक चित्र काढलें. त्यांत झेल्डा बर्फीला सफरचंद देत आहे, घोडा किल्ल्याहून उंच आहे, व शेजारीं एक कुत्रा कोणाकडून तरी पाठ खाजवून घेत आहे. घोड्याचें प्रमाण चुकलें आहे, हें सांगावयास आमचे ओंठ हलले होते. पण तिनें विचारलें नव्हतें.