वत्सगुल्म, विद्याधर आणि विद्येचें वतन

कल्पित राज्यांत वावरून खेळण्याचा एक खेळ हल्लीं आपल्याकडील तरुणांतहि आढळूं लागला आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें तो प्रथम प्रसिद्ध केला. खेळणारांपैकीं एक जण सूत्रधार होतो; बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशीं सोंगें घेऊन फांसे टाकीत कथा पुढें नेतात. या खेळासंबंधीं प्रस्तुत लेखकास त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशी शंका विचारली कीं, ज्या राज्यांत गांवोगांवीं मंत्रसिद्धि आहे, तेथें राजे, सरदार, गढ्या आणि इनामें टिकावींत तरी कशीं? आकाशमार्गानें जाणाऱ्यास तटाची मातब्बरी काय, आणि अदृश्य होणाऱ्यास चौकी-पहाऱ्याचें भय काय? शंका मार्मिक आहे. पोरखेळ म्हणून ती झटकून टाकणें आम्हां जुन्या पोथ्यांच्या उपासकांस तर मुळींच शोभणार नाहीं. कारण तिचा विचार आपल्या ग्रंथकारांनीं पूर्वींच केला आहे, आणि त्यांतील एक ग्रंथ तर थेट आपल्या वाशीमच्या वेशीशीं येऊन पोंचतो.

तो ग्रंथ म्हणजे राजशेखराची ‘कर्पूरमंजरी’. इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतीहार दरबारीं असलेल्या या कवीचें घराणें यायावरांचें. त्याचा पणजा अकालजलद यास तो महाराष्ट्राचा चूडामणि म्हणतो. संपूर्ण प्राकृतांत रचिलेलें हें सट्टक स्टेन कोनो यांनीं १९०१ सालीं संपादून छापिल्यापासून विद्वानांच्या परिचयाचें आहे. कथा थोडक्यांत अशी: राजा चंडपाल व राणी विभ्रमलेखा यांच्यासमोर भैरवानंद नांवाचा कौलमार्गी सिद्ध येतो आणि कांहींहि करून दाखविण्याची प्रौढी मिरवितो. विदूषक त्यास दक्षिणापथांतील ‘वच्छोम’ नगरांत पाहिलेल्या एका कन्यारत्नाची आठवण देतो. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, अर्थात् आजचें वाशीम. क्षणांत ती कन्या ओलेत्यानें, स्नान करीत असतां उचललेली अशी, सभेंत उभी राहते.

आमच्या भागांत या प्रसंगाचा उल्लेख अभिमानानें होतो. त्याच राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त वत्सगुल्म ही मदनाची क्रीडाभूमि म्हटली आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह तेथें लावून दिला, तेव्हां अभिमान वाटणें स्वाभाविकच आहे. तथापि टीकाकाराच्या दृष्टीनें पाहतां येथें एक उणीव डोळ्यांत भरते. कुंतलाधिपति वल्लभराजाची कन्या स्नानगृहांतून नाहींशी होते आणि चार अंकांत तिच्या पित्याकडून एक दूतहि येत नाहीं! असा सिद्ध ज्या जगांत आहे, त्या जगांतील प्रत्येक राजानें आपलें अंतःपुर कसें राखावें, हा प्रश्न कवीच्या मनास शिवत नाहीं. शिवाय त्या मुलीस तिची इच्छा कोणी विचारिली, असेंहि दिसत नाहीं. आमच्या गांवचें नांव काव्यांत आलें या आनंदांत आम्हीहि तें विचारावयाचें विसरलों.

हाच प्रश्न ज्यांनीं पुरतेपणीं हाताळिला ते ग्रंथ बृहत्कथेच्या परंपरेंतील होत. प्रतिष्ठानच्या सातवाहनाशीं संबद्ध असलेल्या गुणाढ्याची मूळ पैशाची कथा लुप्त झाली; परंतु काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत रचिलेला ‘कथासरित्सागर’ आणि जैनांची महाराष्ट्री प्राकृतांतील ‘वसुदेवहिंडी’ यांत तिची छाया राहिली आहे. या कथांतील विद्याधर म्हणजे अख्खी जातच विद्यावंतांची. उडणें, रूप पालटणें, बांधून टाकणें या गोष्टी तेथें घरोघरच्या. मग तेथें उच्च-नीच भाव कशावर ठरतो?

याचें सर्वांत स्पष्ट उत्तर बाराव्या शतकांतील हेमचंद्राच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’च्या पहिल्या पर्वांत मिळतें. ऋषभदेवांनीं राज्याची वांटणी केली तेव्हां नमि व विनमि हे दोघे दूर होते. परत येऊन पाहतात तों वांटणी आटोपलेली आणि ऋषभदेव सर्वस्व त्यागून विरक्त झालेले. भरताची चाकरी करावयास ते राजी होईनात. अखेर नागराज धरणेंद्रानें त्यांस भूमीऐवजीं विद्या दिल्या, वैताढ्य पर्वताच्या दक्षिण बाजूस पन्नास व उत्तर बाजूस साठ नगरें वसविलीं, आणि त्यांच्या प्रजेचे, ज्या त्या विद्येवरून नांवें पडलेले, सोळा निकाय झाले. जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस येथें ओळखीची खूण पटेल. वांटणींतून वगळलेल्या भाऊबंदास दिलेलें हें वतनच होय. फरक इतकाच कीं, तें जमिनीचें नसून विद्येचें आहे.

आणि वतन म्हटलें कीं त्याच्या सनदेंत अटी आल्याच. धरणेंद्रानें विद्या देतांनाच मर्यादा घातली: जिन, जिनमंदिर व मुनि यांचा जो अपमान करील, स्त्रीसह असलेल्या पुरुषाचा जो वध करील, किंवा इच्छा नसलेल्या स्त्रीवर जो बलात्कार करील, त्यास विद्या तत्काळ सोडून जातील. ही मर्यादा रत्नमय भिंतींवर प्रशस्तीप्रमाणें कोरविली, असेंहि हेमचंद्र सांगतो. विद्या सर्वांपाशीं आहे. म्हणून विद्या असणें ही थोरवी उरली नाहीं. मर्यादा पाळून ती टिकविणें हीच कुलीनता झाली. तथापि जन्माचा भेद तेथेंहि पुसला गेला नाहीं. ‘वसुदेवहिंडी’त मातंग निकायांतील नीलयशेची मागणी येते तेव्हां वसुदेव जुळत्या कुळाचा प्रश्न काढतो, आणि मातंगवृद्धेस आपल्या वंशाची कथा थेट नमि-विनमीपासून सांगावी लागते. उडतां येणाऱ्यासहि आपली वंशावळ दाखवावी लागावी, यापरतें समाजाचें सूक्ष्म निरीक्षण दुसरें कोणतें?

सोमदेवानें याच्या पुढचें पाऊल टाकिलें. त्याच्या चौदाव्या लंबकांत मानसवेग नांवाचा विद्याधर नरवाहनदत्ताची पत्नी मदनमंचुका हिला पळवून नेतो. परंतु अनिच्छ स्त्रीस स्पर्श केल्यास मरण, या शापामुळें त्याचे हात बांधलेले आहेत. पुढें नरवाहनदत्त त्याच्या अंतःपुरांत सांपडतो आणि वाद वायुपथ नांवाच्या विद्याधरराजाच्या सभेंत जातो. तेथें मानवी राजपुत्र प्रथम हाच आक्षेप घेतो कीं, आपण विद्येनें जखडलेले व जमिनीवर, आणि प्रतिपक्षी मोकळा व आसनावर. अशा स्थितींत न्याय्य वाद कसा व्हावा? वायुपथास तें पटतें आणि तो मानसवेगासहि खालीं बसवितो. निर्णय मानसवेगाविरुद्ध जातो. तो मानीत नाहीं. तेव्हां सभापतीस शस्त्र उचलावें लागतें. मंत्रसामर्थ्यानें भरलेल्या जगांतहि वादी-प्रतिवादींचें आसन एका पातळीवर आणावें लागतें आणि निकालामागें बळ उभें करावें लागतें, हें नऊशें वर्षांपूर्वींच्या कवीनें जाणलें होतें. तरुणांच्या खेळांतील राज्यांविषयीं ज्यांस शंका येते, त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

आतां कथेंतून इतिहासाकडे वळूं. वाशीम येथें १९३९ सालीं उजेडांत आलेला वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट वाचकांस ठाऊक आहेच. वत्सगुल्माहून सदतिसाव्या राज्यवर्षीं दिलेल्या या दानपत्राचा वंशावळीचा भाग संस्कृतांत व व्यवहाराचा भाग प्राकृतांत आहे. नांदेडकडील उत्तर मार्गांतील आकासपद्द हें गांव त्यानें ज्यांस दिलें ते ब्राह्मण अथर्वण चरणाचे होते; आणि दानाचा हेतु राजाचा विजय, आयुष्य, बळ, स्वस्ति व शांति हा सांगितला आहे. अथर्ववेदाकडे शांतिक, पौष्टिक व आभिचारिक कर्में परंपरेनें येतात, हें सांगावयास नकोच. म्हणजे ज्यांच्यापाशीं मंत्रबळ आहे असें सारा समाज मानीत होता, ते लोक राजाच्या गादीवर न बसतां राजाच्या दानानें एका गांवाचे धनी झाले.

वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेंतील, दुसऱ्या प्रवरसेनाच्या चमक ताम्रपटाची याशीं तुलना करावी. अचलपूरजवळील चर्मांक गांवची आठ हजार निवर्तनें भूमि एक हजार ब्राह्मणांस देतांना त्यानें अटी घातल्या: त्यांनीं राज्याशीं द्रोह करूं नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करूं नये, राजास अपाय करूं नये, युद्ध करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये, अन्यथा भूमि परत घेणाऱ्या राजास चोरीचा दोष नाहीं. धरणेंद्राच्या रत्नभिंतीवरील लेख आणि हा तांब्यावरील लेख यांची जात एकच आहे. शिवाय वत्सगुल्म शाखेच्याच देवसेनाच्या काळचा, शके ३८० चा, हिस्से-बोराळा येथील शिलालेख सुदर्शन नांवाच्या तलावाचा आहे. शांतिपाठ करणारे पदरीं असतांहि पाण्यासाठीं तलाव बांधावा लागला, हेंहि विसरूं नये.

विद्या खरी नसली तरी ती आहे या समजुतीवरच केवढें राजकारण चालतें, याचे दाखलेहि आमच्या वाङ्मयांत आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत सिद्धांचा वेष घेतलेले हेर दार उघडण्याचे, अदृश्य होण्याचे, पहारेकरी निजविण्याचे मंत्र सांगून गुन्हेगारीकडे झुकलेल्या तरुणांस भुलवितात, आधीं ठरवून ठेविलेल्या गांवांत प्रयोग ‘यशस्वी’ करून दाखवितात आणि मग खुणेच्या मालासह त्यांस पकडून देतात. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’ंतील विश्रुताची कथा तर विदर्भाचीच. महामहोपाध्याय मिराशी यांनीं तींत हरिषेणानंतरच्या वाकाटकांच्या ऱ्हासाचें प्रतिबिंब पाहिलें. तेथें विश्रुत राजपुत्र भास्करवर्म्यास घेऊन देवीच्या पीठाखालीं विवरांत दडतो आणि लोकांसमोर प्रकट होऊन देवीनेंच त्याचें रक्षण केलें असें जाहीर करितो. राज्य परत मिळतें तें एका विवराच्या व समजुतीच्या जोरावर.

या प्रकाशांत ‘कर्पूरमंजरी’ पुन्हां वाचली म्हणजे आमचा प्रारंभींचा आक्षेप कांहींसा सौम्य करावा लागतो. भैरवानंदानें मुलगी क्षणांत आणली खरी, पण तिला राणीपद देणें त्याच्या सिद्धीच्या आटोक्यांत नव्हतें. ती राणीची मावसबहीण निघते, म्हणून तिला घरांत ठाव मिळतो. राणीच्या मनांत मत्सर येतो, म्हणून ती कोंडली जाते. पुढें राजाची व तिची गांठ पडते ती भुयारांतून, आकाशांतून नव्हे. शेवटीं लाटदेशची राजकन्या घनसारमंजरी हिच्याशीं विवाह केल्यास राजा चक्रवर्ती होईल असें सांगून सिद्ध राणीकडून गुरुदक्षिणा म्हणून त्या विवाहास होकार मिळवितो. आणि घनसार म्हणजे कर्पूरच, हें तिच्या उशिरां ध्यानांत येतें. नातें, संमति, शब्द, अग्निसाक्ष विवाह हीं बंधनें सिद्धासहि तोडतां आलीं नाहींत. त्यानें तीं वांकवून घेतलीं इतकेंच. राजशेखरास दरबार पुरता ठाऊक होता. त्याचा दोष निराळा आहे. वायुपथाच्या सभेंत बंदिवान नरवाहनदत्तास बोलतां आलें. वच्छोमच्या कन्येस आपली तक्रार मांडावयास कवीनें सभाच ठेविली नाहीं. हेमचंद्राच्या भिंतीवर जी अट कोरलेली आहे ती कनोजच्या रंगभूमीवर कोणास आठवली नाहीं. या एका गोष्टींत ‘कर्पूरमंजरी’, तिची भाषा कितीहि मधुर असो, ‘कथासरित्सागरा’हून उणी आहे, असें आमचें मत आहे.

विद्यार्थ्याच्या शंकेस उत्तर एवढेंच कीं, मंत्र सार्वत्रिक झाला तरी राजे-सरदार जात नाहींत. मंत्र कोणास द्यावा, कोणत्या अटीवर द्यावा आणि अट मोडल्यास तो परत कोण घेणार, हें ठरविणारा तो सरदार होतो. आजच्या महाराष्ट्रांतहि १९१३ नव्हे, २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो सिद्धीच्या नांवानें माणसांवर चालणारी सत्ता आवरण्यासाठींच.

संग्राहक बंधूंस मात्र एक विनंति. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका जुन्या घरीं प्रस्तुत लेखकास दोन बासनें दाखविण्यांत आलीं. एकांत काव्याच्या पोथ्या होत्या, दुसऱ्यांत मंत्र-तोडग्यांचीं सुटीं पानें. संस्कृताच्या अहंकारानें आम्ही पहिलें बासन मागून घेतलें आणि दुसरें निरुपयोगी म्हणून तेथेंच ठेविलें. पुढें गेलों तेव्हां तीं पानें न्हाणीच्या बंबांत गेल्याचें कळलें. त्यांतील एकच पान तेव्हां नजरेखालून गेलें होतें. त्यावर मंत्राखालीं, तो कोणास शिकवावा, कोणास शिकवूं नये आणि शिकणाऱ्यानें कोणती शपथ घ्यावी, हें बारीक अक्षरांत लिहिलें होतें. मंत्राचें कांहीं गेलें नाहीं. तसे मंत्र पुष्कळ सांपडतात. गेली ती त्याखालची सनद, आणि तिची दुसरी प्रत आम्हांस आजवर आढळलेली नाहीं. काव्याची पोथी आमच्याकडे सुरक्षित आहे. तिच्या अनेक प्रती छापून उपलब्ध आहेत.