'स्मृतिचित्रे'मधील प्रेमभावाची रूपे

संस्कृत साहित्यशास्त्राने प्रेमभावाची जी वर्गवारी केली, तिच्यात स्त्रीपुरुषांच्या परस्परानुरागाला मानाचे स्थान मिळाले आहे. त्या रतीचाच परिपोष होऊन शृंगाररस सिद्ध होतो. देव, गुरू, राजा, पुत्र इत्यादिकांविषयीची रती मम्मटाच्या मते रसपदवीला पोचत नाही, ती 'भाव' या कोटीतच राहते. पुढे विश्वनाथाने वत्सलाला रसत्व दिले आणि गौडीय वैष्णव आचार्यांनी भक्तीच्या अंगाने दास्य, सख्य, वात्सल्य व माधुर्य यांचा विस्ताराने विचार केला. तरीही बहिणीचे, आप्तांचे, परक्या पोरांविषयीचे प्रेम हे दांपत्यप्रेमापुढे गौण होय, ही समजूत साहित्यविचारातून पुरती नाहीशी झाली नाही. या समजुतीची खरी परीक्षा घेणारा मराठीतील ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हा होय.

१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राकडे कवी नारायण वामन टिळक यांच्या सहधर्मचारिणीची कहाणी म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० मधील इंग्रजी भाषांतराचे नावच मुळी 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे 'मी मागोमाग जाते', असे आहे. शांता गोखले यांनी २०१७ मध्ये केलेल्या भाषांतराच्या उपशीर्षकात लेखिकेच्या तेजस्वी वृत्तीचा गौरव आहे; पण तेथेही तिची ओळख 'पत्नी' हीच. हे वाचन असत्य नव्हे. टिळक हे या ग्रंथाचे केंद्र आहेत यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, या केंद्राभोवतीचा परीघ कशाच्या आधारावर उभा आहे?

प्रथम दांपत्यप्रेमाचाच विचार करू गेल्यास असे दिसते की, शृंगाराच्या रूढ कल्पनेत ते बसत नाही. टिळक भाविक, उदार, तापट आणि व्यवहारशून्य. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकावा, मनात येईल तेव्हा घर सोडून निघून जावे, हा त्यांचा स्वभाव. लक्ष्मीबाई हे सारे सांगतात ते तक्रारीच्या सुरात नाही आणि पतिव्रतेच्या समर्पणाच्या सुरातही नाही. त्यांचा सूर थट्टेचा आहे. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला हसण्याइतकी समता त्यांच्या प्रेमात आहे आणि स्वतःच्या भोळेपणाला हसण्याइतका प्रांजळपणाही आहे. येथे भांडण हे प्रेमाचे खंडन करीत नाही. भांडणाच्या रूपानेच ते प्रेम टिकते.

परंतु १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि हा आधार एकाएकी तुटला. येथून सुरू होणारा विरहाचा काळ हा ग्रंथाचा कणा होय. काव्यशास्त्राला परिचित असलेला विप्रलंभ निराळा. त्यातील नायिका सखीजवळ आपले दुःख उगाळते आणि सखी केवळ निमित्तमात्र असते. 'स्मृतिचित्रे'त निमित्तमात्र असे कोणी नाही. पदरी लहानगा दत्तू, शोकाने खचलेले शरीर आणि लोकांची बोलणी, अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंना जगविले ते बहीण भिकूताई व इतर आप्त यांनी. हे प्रेम कोठेही शब्दांनी व्यक्त होत नाही. ते जेवायला वाढण्यात, एकटे न सोडण्यात, प्रसंगी रागावण्यात दिसते. लक्ष्मीबाईही त्याचे विवेचन करीत नाहीत. कोणी काय केले एवढेच सांगतात. त्यामुळेच त्याचा प्रत्यय अधिक निश्चितपणे येतो.

येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे. आप्तांच्या या प्रेमाला सोवळ्याओवळ्याची कुंपणे होती. ज्या घरांनी लक्ष्मीबाईंना आसरा दिला, त्याच घरांच्या दृष्टीने पतीकडे परत जाणे म्हणजे जातीला मुकणे होते. जे प्रेम तारते तेच अडवते, हा पेच लेखिकेने लपविलेला नाही आणि आप्तांना खलनायकही केले नाही. आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे वर्णन त्यांनी ज्या विनोदाने केले आहे, त्यातही तिरस्कार नाही. ज्यांच्या मताशी मत जुळत नाही त्यांच्या मायेचे ऋण मान्य करणे, ही या ग्रंथातील प्रेमभावाची सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित छटा होय.

काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई पतीकडे गेल्या, पण त्यांचा आचार लगेच बदलला नाही. जातिभेद हा ईश्वरनिर्मित नसून मनुष्यकृत आहे, हा निर्णय त्यांच्या मनात स्वतःच्या विचाराने पक्का झाला. त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'मागोमाग जाणे' या शब्दांनी या पाच वर्षांचा हिशेब लागत नाही. अनुसरण करणाऱ्या स्त्रीला इतका वेळ लागत नाही. स्वतः ठरविणाऱ्या स्त्रीला लागतो, आणि तेवढा वेळ तग धरून राहण्याचे बळ तिला भोवतालच्या माणसांनी पुरविलेले असते.

ग्रंथाच्या उत्तरार्धात या बळाची परतफेड दिसते. अहमदनगरच्या घरी टिळक निराधार मुले आणीत आणि त्यांचे पोट भरण्याची चिंता लक्ष्मीबाईंकडे येई. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हेही या घरात राहिले व मुलासारखे वाढले. विश्वनाथाने वत्सलाला रसत्व दिले खरे, पण त्याच्या विवेचनातील आलंबन पुत्रादिक होत. येथे वात्सल्याचा रक्ताशी संबंध राहिलेला नाही. शिवाय ते आपसूक उमललेले नाही. ओढग्रस्तीच्या संसारात, कुरकुर करीत, पिठामिठाचा मेळ घालीत ते वाढले आहे. जिला दुसऱ्यांच्या चुलीने एकदा जगविले, तिची चूल दुसऱ्यांसाठी पेटती राहिली. हा संबंध लेखिका जोडून दाखवीत नाही. तो वाचकाने जोडावयाचा आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, ही प्रेमरूपे प्रसंगांच्या ओघात विखुरलेली आहेत, त्यांना एकसूत्रता नाही. आक्षेपात तथ्य आहे. आठवणींच्या पद्धतीने सांगितलेल्या या चरित्रात कित्येक व्यक्ती एका प्रसंगापुरत्या येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. परंतु १९१९ मध्ये टिळकांचा मृत्यू झाल्यावरही ग्रंथ संपत नाही, ही गोष्ट विचारात घेतली पाहिजे. केवळ पत्नीची कहाणी असती तर ती तेथेच थांबती. लक्ष्मीबाई पुढे मुंबईस व कराचीस राहिल्या, टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले आणि निवेदनातील विनोदही त्यांना सोडून गेला नाही.

रसशास्त्राने 'स्थायी' हा शब्द टिकून राहणाऱ्या भावासाठी योजिला आहे. त्या अर्थाने पाहिल्यास 'स्मृतिचित्रे'त स्थायी ठरतात ती शास्त्राने गौण लेखलेलीच प्रेमे. दांपत्यप्रेम या ग्रंथात थोर आहे; परंतु ते काही वर्षांच्या वियोगातून सुखरूप बाहेर पडले, कारण त्या वर्षांत त्याचा भार दुसऱ्या प्रेमांनी उचलला होता. या ग्रंथाचे मूल्यमापन करताना त्या भारवाहकांची नोंद घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही.