मोह आणि परीक्षा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक शब्दविचार

शुभवर्तमानाच्या ग्रीक पाठातील 'पेइरास्मोस' हा शब्द पारखणे आणि भुलविणे असे दोन्ही अर्थ वाहतो. मराठीत ते एका शब्दात मावत नाहीत. प्रभूच्या प्रार्थनेचा अनुवाद करताना बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतराने 'परीक्षा' हा शब्द पत्करला. नित्याच्या बोलण्यात मात्र 'मोह' रूढ आहे. हा केवळ पर्यायांचा प्रश्न मानला, तर या वाङ्मयातील नैतिक संघर्षाचे स्वरूपच दृष्टीआड होते.

'मोह' हा शब्द आपले कुळ विसरत नाही. कर्जत-खालापूरच्या गावांत हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनास बसलेला श्रोता तो ऐकतो, ते काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर यांच्या पंक्तीत. तेथे मोह हा अंतरीचा शत्रू होय. त्याचे मूळ अज्ञानात, आणि त्यावरील उपाय विवेक व नामस्मरण. अरण्यातील येशूच्या कथेत मात्र मोह घालणारा समोर उभा आहे. तो बोलतो, वाद घालतो, स्तोत्रसंहितेतील वचनही पुढे करतो. (शास्त्राधार देण्यात तो कोणा पंडितास हार जाणारा नाही.) अशा वेळी मराठी श्रोत्यास मेनकेने केलेला विश्वामित्राचा तपोभंग आठवणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य फार दूर जात नाही. सैतानाची पहिली सूचना भाकरीची आहे, आणि चाळीस दिवसांच्या उपवासानंतर भूक लागणे हा काही विकार नव्हे. पुत्रत्वाचा अधिकार स्वतःपुरता वापरावा की नाही, एवढाच तेथील प्रश्न. षड्रिपूंच्या चौकटीत बसविलेल्या 'मोह' या शब्दाने नेमकी हीच छटा झाकली जाते.

'परीक्षा' या शब्दाची गोष्ट वेगळी. देव मनुष्याला मोहात पाडतो असा भास होऊ नये, म्हणून फ्रेंच भाषेतील प्रार्थनेचा पाठ २०१७ मध्ये आणि इटालियन पाठ २०२० मध्ये बदलण्यात आला. मराठी वाचकास ही अडचण तितकी बोचत नाही. श्रियाळ-चांगुणेच्या घरी अतिथिरूपाने येऊन चिलयाचे मांस मागणारा शंकर ज्याच्या कानावरून गेला आहे, त्याला देव परीक्षा पाहतो हे निराळे सांगावे लागत नाही. मात्र या सोयीची किंमतही आहे. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यास चिलया परत मिळतो. अरण्यातून निघालेली येशूची वाट क्रुसाकडे जाते.

फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'कडे (१६१६) या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. जुनी पुराणे वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही द्यावे, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी ग्रंथारंभीच येते. साष्टीच्या या नवख्रिस्ती समाजाला पडणारा खरा मोह कानाचा होता, हे त्या इंग्रज जेझुइटाने ओळखले. आणि त्यावर उतारा म्हणून त्याच ओवीत, त्याच पुराणाच्या घाटात दुसरी कथा रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे मोहाशी केलेली तडजोड, असे कोणी म्हणू शकेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असेही नाही.

या प्रश्नाची खरी खोली दिसते ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तांच्या दृष्टीने ही भूल होती. टिळकांच्या दृष्टीने परत फिरणे हीच भूल ठरली असती. एकाच कृतीला एका घरात मोह आणि दुसऱ्या घरात आज्ञापालन म्हटले जात असता, प्रतिकार करावयाचा तो कशाचा? प्रवचनपर ख्रिस्ती वाङ्मय या प्रश्नापाशी थांबत नाही. तेथे सैतानाची बाजू आधीच ठरलेली असते. लक्ष्मीबाईंच्या लेखनात ती ठरलेली नाही. काही वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीकडे आल्या, तरी स्वयंपाकपाणी त्यांनी निराळेच ठेवले. ज्या सोवळ्याला मिशनऱ्याने बंधन म्हटले असते, ते त्यांच्या लेखी धर्मनिष्ठेचे अखेरचे ठाणे होते; पतीच्या प्रेमाखातरही ते सोडणे हा त्यांना मोहच वाटला असला पाहिजे.

पुढे ते सुटले. त्या वेळी कोणी त्यांच्याशी वाद जिंकला नव्हता आणि कोणी भुरळही घातली नव्हती. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच विचारला, माणसांनी असे उत्तर त्यांना मिळाले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यास त्या तयार झाल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.