‘नोबल’, ‘सब्लाइम’, ‘लॉर्ड’ : इंग्रजी सुत्तानुवादांतील थोरवीची भाषा

पाली सुत्तांचे इंग्रजी अनुवाद वाचू लागले की थोरवी दर्शविणारे काही ठरावीक शब्द पानोपानी भेटतात : नोबल, सब्लाइम, एक्झॉल्टेड, ब्लेसेड, लॉर्ड. इंग्रजीने हे शब्द काही राजदरबारातून, काही सरदार घराण्यांतून, तर काही चर्चच्या प्रार्थनेतून उचलले आहेत. आपल्याकडील पुष्कळ बौद्ध वाचक धम्मग्रंथ इंग्रजीतून वाचतात आणि त्यावरूनच मराठीत लिहितात. म्हणून या शब्दांची परीक्षा आम्हांस अगत्याची वाटते.

या भाषेला लोकप्रियता मिळवून देण्यात एडविन अर्नोल्ड यांच्या १८७९ सालच्या ‘द लाइट ऑफ एशिया’ या काव्याचा वाटा मोठा आहे. अर्नोल्ड हे त्यापूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या काव्यातील बुद्धांची भाषा मात्र इंग्रजी बायबलच्या वळणाची आहे. व्हिक्टोरियन वाचकास परक्या धर्मसंस्थापकाविषयी आदर वाटावा यासाठी ते वळण उपयोगी पडले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पुढे गद्य अनुवादकही त्याच वाटेने गेले.

‘भगवा’ या एका पदाचे उदाहरण घ्यावे. महापरिनिब्बान सुत्ताच्या १८८१ सालच्या अनुवादात र्‍हीस डेव्हिड्स यांनी त्यासाठी ‘ब्लेसेड वन’ योजिला, तर १९१० सालच्या अनुवादात त्या जागी ‘एक्झॉल्टेड वन’ आला. ही दोन्ही कर्मणी धातुसाधिते आहेत. एकाचा अर्थ ज्यास आशीर्वाद लाभला तो, दुसऱ्याचा अर्थ ज्यास उंचावले गेले तो. आशीर्वाद कोणी दिला, कोणी उंचावले? ख्रिस्ती वाचकापाशी याचे उत्तर तयार असते. तथागतांच्या बाबतीत असा देणारा कोणी नाही, आणि हीच तर त्यांच्या धम्माची पहिली ओळख आहे. आय. बी. हॉर्नर आणि १९८७ साली मॉरिस वॉल्श यांनी ‘लॉर्ड’ पसंत केला. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘पावाचा राखणदार’, म्हणजे आश्रितांना अन्न पुरविणारा धनी, असा होता. हाती पात्र घेऊन दारोदार भिक्षेस जाणाऱ्यास हे नाव मिळावे, यातील विनोद अनुवादकांच्या ध्यानी आला नसावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या इंग्रजी ग्रंथातही ‘ब्लेसेड लॉर्ड’ ही पदे आढळतात, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, असे त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे मांडले आहे. तेथे सिद्धान्ताने शब्दाला लगाम घातला आहे. केवळ सुत्त समोर असलेल्या वाचकाला असा आधार नसतो.

‘सब्लाइम’ची गोष्ट निराळी आहे. एडमंड बर्क यांनी १७५७ साली या शब्दाचे जे विवेचन केले, त्यात भव्यतेच्या मुळाशी भय आहे. अफाट, अंधुक, बलाढ्य असे जे जे मनुष्यास दडपून टाकते, ते ते ‘सब्लाइम’. आता न्यानपोनिक थेर यांनी १९५८ साली चार ब्रह्मविहारांवरील आपल्या पुस्तिकेच्या नावात हाच शब्द घेतला. मेत्ता अमर्याद आहे खरी, पण तिच्यात दडपण कोठे आहे? निब्बानाचे विशेषण म्हणून येणाऱ्या ‘पणीत’ या पदाचा अनुवादही ‘सब्लाइम’ असा होतो. विनयात हेच ‘पणीत’ पद तूप, लोणी, मध, दूध, दही अशा उंची अन्नासाठी येते. पाली मनाला उत्तम म्हणजे काय वाटत होते, हे यावरून दिसते. तुपामधाशी नाते सांगणाऱ्या शब्दाला बर्कच्या कड्याकपारींत नेऊन उभे करणे आम्हांस रुचत नाही.

परंतु खरा पेच ‘नोबल’चा आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘ख्यातनाम’ असा होता, पुढे तो ‘कुलीन’ असा रूढ झाला. वुडवर्ड व हॉर्नर यांनी ‘अरियन’ हे रूप राखले होते. जर्मनीत नाझींनी त्या शब्दाची जी गत केली, तिच्यानंतर ते इंग्रजी वाचकाच्या कानांना सोसणे कठीण झाले, आणि ‘नोबल’ स्थिरावला. चार सत्यांना ‘नोबल’ का म्हणावे, हा प्रश्न के. आर. नॉर्मन यांनी १९९० साली एका लेखात विचारला. त्या समासाचा अर्थ ‘अरियांची सत्ये’ असाही होऊ शकतो, हे त्यांचे म्हणणे विचारार्ह आहे.

तेवढ्याने भागत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेला न्यानमोली व बोधी या भिक्खूंचा मज्झिम निकायाचा अनुवाद अत्यंत साक्षेपी आहे. आम्ही स्वतः तो नित्य हाताशी ठेवतो. त्यात ‘अरिय’ला ‘नोबल’ म्हटले आहे आणि ‘खत्तिय’लाही ‘नोबल’च. मधुर सुत्तात महाकच्चान थेर अवंतिपुत्त राजास चारही वर्ण समान असल्याचे एकेका दाखल्याने पटवून देतात. तेथे ‘नोबल’ हे एका वर्णाचे नाव आहे. लगेच दोन सुत्तांनंतर अंगुलिमाल येतो. प्रसूतिवेदनांनी तळमळणाऱ्या स्त्रीपुढे त्याने सत्यवचन उच्चारावे असे तथागत सांगतात. ‘जन्मल्यापासून मी जाणूनबुजून प्राणिहत्या केली नाही’ असे म्हणणे खोटे ठरेल, हे तो निदर्शनास आणतो. तेव्हा तथागत ‘अरियाय जातिया’ एवढीच भर घालावयास सांगतात. इंग्रजीत याचे ‘नोबल बर्थ’ झाले आहे, आणि सामान्य इंग्रजीत ‘नोबल बर्थ’ म्हणजे निव्वळ खानदानी जन्म! ज्या वाक्याने एका खुन्याचा जन्म कुळापासून तोडून आचरणाशी जोडला, तेच वाक्य अनुवादात कुळाची ग्वाही देऊ लागते.

भिक्खू सुजातो यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अनुवादांत ‘खत्तिय’साठी ‘अ‍ॅरिस्टोक्रॅट’ योजून हा गोंधळ पुष्कळ कमी केला आहे. ही दुरुस्ती लहान दिसली तरी तिचे मोल मोठे आहे.

मराठी अनुवादकाला मात्र येथे इंग्रजीला हसण्याची सोय नाही. पाली ‘जाति’ म्हणजे जन्म. तो शब्द जसाच्या तसा उचलून ‘आर्य जातीत जन्मल्यापासून’ असे लिहिले, तर महाराष्ट्रातील वाचकाला त्यातून काय ऐकू येईल हे सांगावयास नको. अंगुलिमालाच्या मुखी ‘संघात हा नवा जन्म घेतल्यापासून’ असे शब्द घालावेत, असे आमचे मत आहे. त्यात ‘अरिय’चे तेज थोडे उणे होते हे खरे, पण त्या स्त्रीला सांगितलेले सत्य शाबूत राहते.