शरदातील वाचन : शिंप्याच्या दोन कादंबऱ्या

शरद ऋतू आला की पाश्चात्य देशांत नव्या कादंबऱ्यांचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे ते स्थान दिवाळी अंकांस लाभले आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाने आपली वर्षाची वाङ्मयीन भूक याच सुमारास भागवावी, अशी रीत पडली. रीत चांगली खरी. परंतु तिच्यामुळे एक खोडही जडली आहे. अंक भाऊबीजेपर्यंत चाळून होतात आणि जी कादंबरी सावकाश वाचावयास हवी, ती तशीच राहून जाते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची रास होते, मागोमाग कापसाची वेचणी येते, आणि हाती आलेले चार पैसे देण्याघेण्यातच संपतात. अशा ठिकाणी कोणते पुस्तक विकत घ्यावे, हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. यास्तव नावांची लांबलचक माळ न ओवता आम्ही दोन कादंबऱ्या वाचकांपुढे ठेवतो व तिसरीकडे बोट दाखवितो.

पहिली जुनी आहे : रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१). दुसरी नवी : देविदास सौदागर यांची 'उसवण' (२०२२). दोघेही लेखक मराठवाड्याचे आणि दोहोंचेही नायक शिंपी. ज्यांचे जन्मस्थान म्हणून आमच्या जिल्ह्यातील नर्सी मानली जाते, ते नामदेव याच कुळातले. तेव्हा सुईदोऱ्याची ही कथा येथील वाचकास परकी वाटू नये.

'उसवणी'स २०२४ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा तुळजापूरच्या या लेखकाने स्वतः शिवणकाम करून पोट भरले, या गोष्टीचीच चर्चा फार झाली. लेखकाच्या कष्टांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु कष्टांची कीव करणे म्हणजे कादंबरी वाचणे नव्हे. शिंप्याने शिवलेला सदरा आपण शिंप्याच्या दारिद्र्याकडे पाहून अंगात घालीत नाही. तो अंगास बेततो की नाही, हेच पाहतो. कादंबरीलाही तोच न्याय लागू आहे.

त्या न्यायाने पाहता दोहोंतील भेद मोठा उद्बोधक आहे. 'पाचोळ्या'त एका शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितली आहे. नवऱ्याचा ताठा तिला दिसतो, गावाचा कावाही दिसतो. दोहोंमध्ये सापडलेले घर मात्र तिलाच सावरावयाचे असते. येथे विरोधाला चेहरा आहे आणि नाशात माणसाच्या स्वभावाचाही वाटा आहे. 'उसवणी'तील शिंप्यास असा चेहरा दिसत नाही. त्याचे गिऱ्हाईक तयार कपड्यांकडे वळले आहे. ज्या दिवाळीत शिंप्याला मान वर करावयास फुरसत नसे, तीच आता त्याच्या पडतीची साक्ष देते. त्याने भांडावे कोणाशी? ते कपडे कोठे तरी दूर शिवले जातात. शिवणारा कदाचित त्याच्यासारखाच गरीब असेल.

जेथे प्रतिपक्ष अदृश्य असतो तेथे कादंबरी तक्रारअर्ज होण्याचा धोका असतो. सौदागर बहुतांशी या धोक्यातून निभावले आहेत, याचे कारण धंद्याची त्यांची आतली जाण. जो माणूस शिलाई उसवून पुन्हा घालू शकतो, त्याचे आयुष्य मात्र उसवले की सांधत नाही, हा शीर्षकातील दंश त्या जाणिवेतून आला आहे. 'पाचोळ्या'तील बोलीत जो पीळ आहे, तो येथे सर्वत्र साधलेला नाही. क्वचित परिस्थितीच बोलते आणि माणूस नुसता ऐकत राहतो. तथापि आपल्या काळाचे दुःख कोणत्या जातीचे आहे, हे या कादंबरीने नेमके ओळखले आहे.

तिसरी कादंबरी कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या माणसांचे दुःखही असेच बिनचेहऱ्याचे असते. खोतांनी त्यासमोर मागे राहून रानटी झालेली म्हैस उभी केली, आणि अदृश्य गोष्टीस शिंगे व डोळे दिले. कलावंताची युक्ती ती हीच.

आमच्या भागातील शेतकरीही ज्याचे तोंड त्याने कधी पाहिले नाही अशा बाजाराशी दरवर्षी झुंजतो. पडलेल्या भावाचा राग तो अडत्यावर, नशिबावर, प्रसंगी स्वतःवर काढतो. या कादंबऱ्या भाव वाढवून देणार नाहीत. परंतु राग चुकीच्या माणसावर काढू नये, एवढा विवेक त्या खचित देतील. बोराडे २०२५ च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ सभा भरविण्यापेक्षा गावोगावच्या ग्रंथालयांनी 'पाचोळा' आणि 'उसवण' शेजारी शेजारी ठेवावीत, आणि वाचकांनी त्याच क्रमाने ती मागून न्यावीत, हे आम्हांस अधिक उचित वाटते.